परिचारिकांना शिकवणाऱ्या परिचारिकेचा सन्मान कसा करावा?

वॉर्ड_इन्चार्ज

नमस्कार. मी सोलापुरातील एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. येत्या 12 मे रोजी, म्हणजे परिचारिका दिनी, आमच्या परिचर्या विद्यालयातील ज्येष्ठ पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) बाईंचा सत्कार करण्याचे ठरले आहे आणि त्यांच्याविषयी एक पानाचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नमुन्यासाठी मागील सत्कारांची टिपणे काढून पाहिली, तेव्हा ‘सेवाभावी’, ‘मनमिळाऊ’ आणि ‘हसतमुख’ ही तीन विशेषणे प्रत्येकीच्या वाट्याला आलेली दिसली. आमच्या बाई फारशा हसतमुख नाहीत, त्यामुळे एक तृतीयांश टिपण तिथेच बाद झाले.

बाई शिकवतात कशा, याचे एकच उदाहरण देते. नव्याने आलेल्या मुलीला सलाईनचा वेग लावायला शिकवताना त्या सूत्रापासून सुरुवात करत नाहीत. आधी सेटच्या पाकिटावर छापलेला आकडा मोठ्याने वाचायला लावतात, कारण मिलिलिटरला 20 थेंबांचा सेट आणि 60 थेंबांचा मायक्रो सेट यांत गल्लत झाली, तर पुढचे सारे गणित बरोबर असूनही रुग्णाला चुकीचे जाते. मग 500 मिलिलिटरची बाटली 4 तासांत द्यायची असेल तर 20 थेंबांच्या सेटने मिनिटाला सुमारे 42 थेंब पडले पाहिजेत, हे मुलीने स्वतः काढायचे, रोलर सरकवून वेग लावायचा आणि हातात घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायचे. तेवढा वेळ बाई तिच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. त्यानंतर त्या स्वतः मोजतात. आकडा जुळला नाही तर एक शब्दही न बोलता घड्याळ पुन्हा तिच्या हातात ठेवतात. या मुली पुढे स्टाफ म्हणून आल्या तरी 15 सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस सहसा करत नाहीत, हे मी राउंडला पाहते.

असे काम कागदावर कसे आणावे? आणि शाल-श्रीफळापलीकडे आपण काही करू शकतो का? अनुभवींनी कृपया लिहावे.

हुरडापार्टी

एक नम्र विनंती : चादर देऊ नका. आमच्या सौभाग्यवती याच क्षेत्रात आहेत. सोलापुरातील प्रत्येक सत्कारात चादर मिळत गेल्यामुळे आमच्या कपाटात आता कपड्यांना जागा उरलेली नाही, आणि आलेल्या पाहुण्याला आम्ही तीच चादर भेट देत असल्याने त्यांपैकी एखादी फिरून आमच्याकडेच परत आल्याचा मला दाट संशय आहे.

निवृत्त_अधिसेविका

वरील तक्रारीशी मी पूर्णपणे सहमत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. भारत सरकारचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार 1973 पासून दिला जातो आणि तो राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदान होतो. पुष्कळांची अशी समजूत असते की तो केवळ रुग्णशय्येजवळ काम करणाऱ्यांसाठी आहे. परंतु परिचर्या शिक्षणात आणि प्रशासनात काम करणाऱ्यांनाही तो मिळू शकतो. अडचण पात्रतेत नसून कागदपत्रांत असते. शिक्षिकेच्या कामाचा पुरावा काय जोडावा, हेच कोणाला उमगत नाही, आणि मग प्रस्तावाला परिषदांच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती लावल्या जातात. त्या प्रती वाचून बाई परिषदेला हजर होत्या, एवढेच कळते.

ज्यांच्या नावाने हा पुरस्कार आहे, त्या नाइटिंगेलबाईंनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उभी केली. पण प्रकृतीमुळे त्या स्वतः तिथे वर्ग घेत नसत. शाळेचा रोजचा भार तेथील मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, सारा वॉर्डरोपर यांच्यावर होता. नाइटिंगेल यांचे नाव जगभर झाले आणि वॉर्डरोपर यांचे नाव आमच्यासारख्या परिचर्येचा इतिहास शिकणाऱ्यांपुरते राहिले. शिकवणारीचे नाव मागे पडण्याची रीत अशी जुनीच आहे, म्हणूनच तुमचे टिपण नीट व्हायला हवे, असे मला वाटते.

माझी सूचना अशी : विशेषणे पूर्णपणे काढून टाका आणि बाईंच्या हाताखालून गेलेल्या निरनिराळ्या वॉर्डांतील सिस्टर, ब्रदर यांना एकच प्रश्न विचारा. ‘बाईंनी शिकवलेली कोणती गोष्ट तुम्ही आजच्या ड्युटीत केली?’ उत्तरे त्यांच्याच शब्दांत घ्या.

रोखठोक

मला हे सारे सत्कारप्रकरण पटत नाही, आणि ते मी स्पष्टपणे लिहितो. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. प्रत्यक्षात काय होते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे : एकच बाई सकाळी वर्ग घेतात, दुपारी वॉर्डात विद्यार्थ्यांवर देखरेख करतात, परीक्षांचे काम पाहतात, तपासणी आली की फायली लावतात, आणि स्टाफ कमी पडला की वॉर्डही सांभाळतात. मग 12 मे रोजी त्यांच्या ‘समर्पणा’चे कौतुक होते. समर्पण हा शब्द मंचावरून ऐकू आला की मी आधी मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारतो. ज्या कामाला तीन माणसे लागतात ते एकीने केले, याचा अभिमान बाळगायचा की लाज, हे व्यवस्थापनाने ठरवावे.

शिवाय एकीला निवडले की बाकीच्या चौघींची मने दुखावतात, ते निराळेच.

ब्रदर_नाइटड्युटी

@रोखठोक, पदांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. परंतु पदे भरली म्हणजे शिकवणारा मिळाला, असे होत नाही. मी ज्या बाईंकडे शिकलो त्यांचे उदाहरण देतो. (त्या या बाई नव्हेत, पण घडण तीच.)

दुसऱ्या जिल्ह्यातील एका रुग्णालयात इन्सुलिनच्या सिरिंजची अदलाबदल झाल्याची गोष्ट बाईंच्या कानावर आली होती. आपल्याकडे मिलिलिटरला 40 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची असते आणि 100 युनिटची नारिंगी टोपणाची. ‘लक्ष ठेवा, गोंधळ करू नका’ असे परिपत्रक काढणे सोपे होते. बाईंनी तसे केले नाही. त्यांनी पाण्यात निळी शाई कालवली, दोन्ही प्रकारच्या सिरिंज आणल्या आणि प्रत्येकाला दोन्हींत 20 च्या खुणेपर्यंत पाणी ओढायला लावले. मग त्या दोन सिरिंज पांढऱ्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी रिकाम्या करायला सांगितल्या. एका ठिकाणी अर्धा मिलिलिटर आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या निम्म्याहूनही कमी, 0.2 मिलिलिटर, असे दोन निळे डाग समोर पडले. खूण तीच, आकडा तोच, आणि औषध अडीच पट. 100 युनिटच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढले तर रुग्णाला 20 ऐवजी 50 युनिट जातात, हे नंतर फळ्यावर मांडण्याची गरजच उरली नाही.

आज माझ्या वॉर्डात कोणीही नवीन आले की मी हाच प्रयोग करून दाखवतो. खर्च शाईच्या एका बाटलीचा आहे.

मेडिसिन_निवासी

मी डॉक्टर आहे, तरीही या धाग्यावर लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो, कारण मलाही शिकवणाऱ्यांत सिस्टरच अधिक होत्या. शिरेत कॅन्युला लावणे इंटर्नशिपमध्ये बहुतेकांना सिस्टरनीच शिकवलेले असते. पदवीदान समारंभात ते कोणी बोलून दाखवत नाही, इतकेच.

मला विशेष लिहायचे आहे ते रात्रीच्या तोंडी ऑर्डरविषयी. मी रात्री दोन वाजता फोनवर अर्धवट झोपेत औषध सांगितले की काही वॉर्डांतील सिस्टर ‘बरं सर’ म्हणून फोन ठेवतात. काही वॉर्डांतील सिस्टर मात्र रुग्णाचे नाव, औषध, मात्रा आणि मार्ग मला पुन्हा म्हणून दाखवतात, ‘बरोबर आहे का सर?’ असे विचारतात आणि सकाळी येऊन सही करण्याची आठवण देतात. पहिल्यांदा मला याचा रागच आला होता. चौकशी केली तेव्हा या दुसऱ्या गटातील बहुतेक जणी एकाच पाठ्यनिर्देशिकेच्या विद्यार्थिनी असल्याचे समजले. पोटॅशियम क्लोराइडसारखे औषध, जे शिरेतून थेट कधीच द्यायचे नसते, ते पातळ किती करायचे आणि किती वेळात द्यायचे हे मी सांगितल्याशिवाय त्या फोन ठेवत नाहीत. त्यामुळे माझी झोप मोडली असेल, परंतु ती मोडायलाच हवी होती.

हुरडापार्टी

डॉक्टरसाहेबांनी हे सारे लिहून दिले आहे, त्याची प्रत जपून ठेवा. तोंडी विधान नव्हे, लेखी आहे. सही मात्र राहिली.

दुसरे_वर्ष_जीएनएम

मी विद्यार्थिनी आहे. ज्येष्ठांसमोर लिहिताना संकोच वाटतो. परंतु एक बाजू येथे अद्याप आलेली नाही. अशा बाई आम्हांला आवडतातच असे नाही. आमच्या विद्यालयातील एक बाई प्रोसिजर बुकवर सही देताना इतके प्रश्न विचारतात की काही मुली त्यांची ड्युटी नसलेल्या दिवसाची वाट पाहतात. एका मुलीला त्यांनी केवळ हात धुण्याच्या क्रमासाठी चार वेळा परत पाठवले होते. साबणाने हात धुण्यास 40 ते 60 सेकंद लागले पाहिजेत, हे आम्हांलाही पाठ आहे. पण एका सिस्टरकडे तीस रुग्ण असताना प्रत्येक वेळी तेवढा वेळ कुठून आणायचा, हे विचारले तर त्या काय उत्तर देतील, हे मला जाणून घ्यायचे आहे. टिपणात हेही यावे का?

निवृत्त_अधिसेविका

अवश्य यावे. आणि तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे, ते ऐक. हात डोळ्यांना अस्वच्छ दिसत नसतील तर अल्कोहोलयुक्त द्रावण 20 ते 30 सेकंद चोळणे पुरते, म्हणूनच त्याची बाटली प्रत्येक खाटेपाशी हवी असते. ती तेथे नसेल तर दोष तुझा नाही, आणि ती मागण्याचे काम तुझ्या इन्चार्जचे आहे. चांगली शिक्षिका विद्यार्थिनीला चार वेळा परत पाठवते आणि पाचव्या वेळी स्टोअरमध्ये जाऊन बाटल्यांसाठी भांडते. तुझ्या बाई भांडतात का, हे पाहून मला कळव. भांडत नसतील तर @रोखठोक यांच्या आक्षेपाला बळ मिळते.

अक्कलकोटकर

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिला कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नाही. सोलापुरात उपचार घेताना हा प्रश्न आमच्याकडच्या पुष्कळांना येतो. त्यात विजयपूर, कलबुर्गी या भागांतून येणारे रुग्ण असतात आणि शहराच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या आजीबाईही असतात. याउलट शिकायला आलेल्या मुली नांदेड, बीड, लातूर अशा कुठून कुठून आलेल्या असतात.

आई दाखल होती त्या वॉर्डात, नर्सिंग स्टेशनच्या आतल्या बाजूला, एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत लिहिलेली कन्नड आणि तेलुगू वाक्ये चिकटवलेली होती. ‘एल्लि नोवु?’, ‘एक्कड नोप्पी?’ म्हणजे कुठे दुखते, हे सर्वांत वर. त्याखाली लाल शाईने ‘ऊट आय्ता?’, जेवण झाले का, आणि त्यापुढे बाण काढून ‘हे विचारल्याशिवाय इन्सुलिन नाही’ असे मराठीत लिहिलेले. बीडकडच्या एका मुलीने आईला ते इतक्या अडखळत विचारले की आई हसली, आणि ‘इल्ल’ म्हणाली. डबा मी उशिरा आणला होता. मुलीने इंजेक्शन तसेच बाजूला ठेवले आणि आईचे खाणे होईपर्यंत थांबली.

तो कागद कोणी लावला, असे मी विचारले, तेव्हा ‘आमच्या ट्यूटर बाईंनी’ असे उत्तर आले. या धाग्यातील बाई त्याच का, हे मला सांगता येणार नाही. त्या असतील तर माझे नाव टिपणात घालायला माझी हरकत नाही.

रोखठोक

वरील प्रतिसाद वाचून माझा मुद्दा बदलला नाही. परंतु तो कागद कॅलेंडरच्या पाठीवर होता, याकडे मी लक्ष वेधतो. संस्थेला त्याचे महत्त्व वाटले असते तर तो छापलेला असता आणि प्रत्येक वॉर्डात असता. बाई बदलून गेल्या आणि भिंतीला रंग दिला की तो जाणार.

परदेशी_सोलापूरकर

मी गेली काही वर्षे अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करते. येथे ‘डेझी पुरस्कार’ नावाची एक पद्धत आहे, तिची माहिती उपयोगी पडेल असे वाटते.

पॅट्रिक बार्न्स नावाचा तरुण 1999 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, प्रतिकारशक्तीशी संबंधित आजारातील गुंतागुंतीमुळे वारला. त्याच्या आजारपणात परिचारिकांनी ज्या रीतीने काम केले त्याबद्दल कृतज्ञता म्हणून कुटुंबाने हा पुरस्कार सुरू केला. रुग्ण, नातेवाईक किंवा सहकारी यांपैकी कोणीही नाव सुचवू शकतो. मात्र त्यासाठी प्रमाणपत्रे लागत नाहीत. काय घडले ती हकीकत लिहावी लागते. परिचर्या शिकवणाऱ्या अध्यापकांसाठीही त्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि तेथे विद्यार्थीही नाव सुचवतात. पुरस्कार म्हणून झिम्बाब्वेतील शोना शिल्पकारांनी हाताने घडवलेले छोटे दगडी शिल्प देतात, आणि सोबत सर्वांसाठी दालचिनीचे गोड रोल असतात. पॅट्रिकला आजारपणात अन्नावर वासना राहिली नव्हती, तेव्हा एकदा वडिलांच्या हातातील रोल त्याने चवीने खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी परिचारिकांसाठीही आणायला सांगितले, त्यावरून ही प्रथा पडली.

@रोखठोक यांनी बाकीच्यांची मने दुखावण्याचा मुद्दा मांडला होता. रोल साऱ्या वॉर्डाला मिळतो, ही गोष्ट त्या दृष्टीने मला फार शहाणपणाची वाटते. अर्थात येथेही सारे आलबेल नाही. पुरस्कार देणारी रुग्णालये आणि स्टाफ कमी असल्याबद्दल आंदोलने होणारी रुग्णालये, ही काही वेळा एकच असतात.

हुरडापार्टी

दालचिनी रोल तिकडे. आपल्याकडे शेंगापोळी. हा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतो?

ब्रदर_नाइटड्युटी

अनुमोदन. मात्र नाइट ड्युटीवाल्यांचा वाटा आधी काढून ठेवावा. परिचारिका दिनाचे पेढे सकाळच्या पाळीतच संपतात, हा आमचा जुना अनुभव आहे.

सातरस्ता

सोलापूरचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तेथेच वारले, हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान या स्वतः परिचारिका होत्या आणि त्याच रुग्णालयात काम करत होत्या, हे किती जणांना माहीत आहे? शहरात डॉक्टरांचे स्मारक आहे आणि ते असायलाच हवे. पण आपल्या गावाला डॉक्टर आठवतो आणि परिचारिका आठवत नाही, ही सवय बरीच जुनी आहे. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि सिव्हिलला मोठी नावे आहेत. तेथे परिचारिकांना घडवणाऱ्या एखाद्या बाईंचे नाव किमान एखाद्या प्रशिक्षण कक्षाला तरी द्यायला काय हरकत आहे?

रोखठोक

कक्षाला नाव द्यायला माझी हरकत नाही, कक्ष असेल तर. कित्येक ठिकाणी प्रात्यक्षिकाच्या खोलीत जुन्या खाटा ठेवलेल्या असतात आणि छातीदाब (सीपीआर) शिकवायचा पुतळा कपाटात कुलूपबंद असतो, कारण तो बिघडला तर जबाबदार कोण, हे ठरलेले नसते. मिनिटाला 100 ते 120 या वेगाने 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, हे उत्तरपत्रिकेत लिहिणारी मुलगी पुतळ्याला हात न लावताच उत्तीर्ण होते.

वॉर्ड_इन्चार्ज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. @अक्कलकोटकर, तो कागद आमच्याच बाईंनी लावलेला आहे. लाल शाईवरून मी ओळखले. आपले नाव मात्र मी घालणार नाही, कारण त्यावरून आपल्या आईंची ओळख उघड होईल. हकीकत तेवढी घेते.

@निवृत्त_अधिसेविका यांनी सुचवलेला प्रश्न मी चार वॉर्डांत विचारला. बहुतेकांना पटकन काही सुचले नाही, आणि मला वाटले की हा प्रयोग फसला. दुसऱ्या दिवसापासून मात्र एकेक जण ड्युटी संपताना येऊन सांगू लागला. प्रसूती वॉर्डातील सिस्टर म्हणाल्या की, बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे असते, म्हणून ते आधीच भरून ट्रेमध्ये ठेवण्याची सवय बाईंची आहे, आणि ती आता त्यांच्या वॉर्डाची झाली आहे. सर्जिकलचे ब्रदर म्हणाले की, ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला सांगताना, वही वाचून दाखवायची नाही, प्रत्येक खाटेजवळ उभे राहून ती द्यायची. सर्वांत मोठे उत्तर आमच्या वॉर्डातील मावशींनी दिले : सुई पांढऱ्या डब्यात, सलाईनचा सेट लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि कोणी डॉक्टर चुकीच्या पिशवीत टाकत असेल तर त्याला ‘थांबा’ म्हणण्याची परवानगी. ही परवानगी बाईंनी दिली होती, असे त्या म्हणाल्या. शिकवण्याच्या यादीत मावशी आणि मामा येतात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते, असे नाही. पण कागदावर त्यांना जागा द्यावी, हे मनात आले नव्हते.

@रोखठोक, तुमच्या आक्षेपातून दोन गोष्टी घेतल्या आहेत. टिपणाच्या शेवटी व्यवस्थापनाकडे दोन मागण्या जोडत आहे. पहिली, आठवड्यातून ठरावीक वेळ बाईंना परीक्षा, फायली आणि वॉर्डाच्या बदली ड्युटीतून पूर्णपणे मोकळे ठेवावे आणि त्या वेळात त्यांच्या हाताखाली एका तरुण पाठ्यनिर्देशिकेने तयार व्हावे. दुसरी, पुतळ्याच्या कपाटाची किल्ली वॉर्डात असावी. वाक्यांचा कागद छापून घेण्याचे आमच्या रुग्णालयाच्या अधिसेविका (मेट्रन) मॅडमनी मान्य केले आहे.

रोखठोक

सत्काराच्या टिपणात मागण्या पहिल्यांदाच पाहतो आहे. मंचावर ते वाचून दाखवणार असाल तर मी येतो.

दुसरे_वर्ष_जीएनएम

राष्ट्रीय पुरस्काराच्या प्रस्तावासाठी विद्यार्थिनींच्या हकीकती जोडता येतील का? आमच्या वर्गातील ज्या मुलीला चार वेळा परत पाठवले होते, ती लिहायला तयार आहे. आणि बाटल्यांबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर : भांडतात. स्टोअरकीपर त्यांना लांबून पाहूनच इंडेंट बुक (मागणीची वही) उघडतो.

निवृत्त_अधिसेविका

विहित नमुन्यात जे मागितले आहे ते आधी पूर्ण करा आणि हकीकती परिशिष्ट म्हणून लावा. प्रत्येकीवर तारीख, वॉर्ड आणि लिहिणारीचे पद असावे, रुग्णाचे नाव कुठेही नसावे. विद्यार्थिनींच्या हकीकती बाईंनी अंतिम गुण दिल्यानंतरच घ्या, नाहीतर त्यांना कोणी किंमत देणार नाही. प्रस्ताव खालून वर जायला वेळ लागतो, म्हणून 12 मे ची वाट न पाहता बाईंचे सेवापुस्तक आजच अद्ययावत करून घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही तपासा. दर 5 वर्षांनी ते करावे लागते, आणि दुसऱ्यांच्या नूतनीकरणासाठी धावणाऱ्या बायकांचे स्वतःचे राहून गेलेले मी पाहिलेले आहे.

वॉर्ड_इन्चार्ज

तपासले. पुढच्या महिन्यात संपते आहे. उद्याच अर्ज भरून घेते.